झाकली मूठ सव्वा लाखाची

संशोधक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. विस्कटलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, जेवणाची शुद्ध नाही, पगाराची फिकीर नाही, आणि ध्यास एकच, जगाचे कल्याण! क्रमिक पुस्तकांनी हे चित्र आपल्या मनावर इतके ठसवले आहे की, विद्वानांमध्येही हेवेदावे असतात, एखादी पोथी दहा-दहा वर्षे ट्रंकेत दडवून ठेवणारे महाभाग असतात, दुसऱ्याच्या श्रमांवर आपले नाव घालणारेही असतात, असे कुणी सांगितले तर भल्या माणसाला ते अब्रह्मण्यम् वाटते. उलट ज्यांचा विद्यापीठांशी जवळून संबंध आला आहे अशी मंडळी दुसऱ्याच टोकाला जातात. त्यांच्या मते सगळे संशोधन म्हणजे बढतीची शिडी. परमार्थ वगैरे गोष्टी सत्कारसमारंभातल्या भाषणापुरत्या.

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी वीस-एक वर्षे मराठी शिकवताना मला या दोन्ही मतांचे लोक भेटले, आणि दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे वाटले. माझी समजूत अशी झाली आहे की, संशोधकाचा स्वार्थ आणि परमार्थ हा जितका त्याच्या स्वभावावर अवलंबून असतो, तितकाच तो ज्या वस्तूचा अभ्यास करतो त्या वस्तूवरही असतो. आकाशाला कुलूप घालता येत नाही, पोथीला घालता येते. बियाणे दुसऱ्याला दिले तर आपल्याजवळचे संपत नाही. पण शोध एकदा दुसऱ्याच्या नावावर लागला की तो परत मिळणे कठीण. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण प्रत्येक शास्त्रात सारखी लागू पडत नाही, ती अशी.

आमच्या शास्त्रापासूनच सुरुवात करतो, कारण मूठ झाकण्याची कला आम्हा पोथीवाल्यांइतकी कुणाला साधलेली नाही.

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तो सिद्ध केला, तो आमच्याच वऱ्हाडात, रिद्धपुरास. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्या एकेका माणसाला गाठायचे, विचारायचे, पडताळायचे आणि मग लिहायचे, ही त्यांची पद्धत. आजच्या भाषेत तिला क्षेत्रीय संशोधन म्हणतात आणि त्यासाठी अनुदानाचा अर्ज करावा लागतो! मूळ प्रत पुढे धाडीत गेली असे परंपरा सांगते. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांनी तो पुन्हा उभा केला. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. पण त्यांतली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, हे पाठ कुणाचे ते नावानिशी जपले गेले. त्यांत हीराइसा या बाईच्या स्मरणातला पाठ ‘हीराइसा पाठ’ म्हणूनच ओळखला जातो. सात शतकांपूर्वी एका बाईच्या स्मरणशक्तीचे ऋण तिच्या नावासकट मान्य करणारी ही मंडळी होती.

आणि याच मंडळींनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद करून टाकले! सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा या लिप्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. किल्ली ज्याच्यापाशी त्यालाच अर्थ कळणार. परक्याच्या हाती पवित्र ग्रंथ पडू नये हा हेतू. परिणाम असा की कित्येक शतके उर्वरित महाराष्ट्राला आपल्या भाषेतल्या या संपत्तीचा पत्ताच नव्हता. याला स्वार्थ म्हणायचे का? म्हणण्याचा मोह होतो खरा. पण जे बाड कुलुपात होते ते टिकले, आणि जे उघड्यावर होते त्यातले पुष्कळसे वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी गेले, हेही विसरून चालणार नाही. कुलूप घालणाऱ्यांनी ग्रंथ आपल्यासाठी ठेवला, आणि त्यामुळेच तो आपल्यापर्यंत आला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या खटपटीने हे भांडार उघडू लागले, त्यात किल्ली स्वखुशीने हाती देणारे काही महानुभाव महंतही होते. त्यांची नावे आमच्या विद्यार्थ्यांच्या वहीत सहसा नसतात.

आमच्या जिल्ह्याचे य. खु. देशपांडे हे त्याच पिढीतले. यवतमाळला वकिली करायची आणि त्या कमाईवर पोथ्या, ताम्रपट, कागदपत्रे गोळा करीत हिंडायचे, असा त्यांचा क्रम. त्यांच्या ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ या १९२५ सालच्या पुस्तकाने या वाङ्मयाचा पसारा केवढा आहे हे प्रथमच सामान्य वाचकाला दिसले. यवतमाळच्या शारदाश्रमात त्यांनी जे जमवले ते इतरांसाठी जमवले. वकिलाने स्वार्थत्याग केला असे म्हटले की लोक हसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

राजवाड्यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. संसार नाही, नोकरी नाही, गावोगाव पायी फिरायचे, हाताने स्वयंपाक करायचा आणि जमलेले दप्तर छापून लोकांपुढे ठेवायचे. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढले तेही त्यांनीच, मेहेंदळे यांच्या साह्याने. पैशाच्या बाबतीत यापेक्षा निःस्वार्थी माणूस सापडणे कठीण. पण मताच्या बाबतीत? तिथे मात्र त्यांनी कुणाला वीतभरही जागा दिली नाही. भांडणे केली, स्वतः काढलेल्या मंडळाशीही बिनसले, आणि १९२६ साली धुळ्यास त्यांचा अंत झाला तेव्हा मागे उरले ते कागदांचे गाठोडे. मला वाटते, विद्वानाचा स्वार्थ पैशात शोधणारे लोक चुकीच्या खिशात हात घालतात. तो दुसऱ्याच खिशात असतो.

तो कुठे असतो हे पाहायचे तर धर्मानंद कोसंबींची हकीकत पाहावी. मराठी माणसाच्या संशोधनकथांतली ही मला सर्वांत चटका लावणारी वाटते, आणि तिचा शेवट आमच्या विदर्भातच झाला.

गोव्यातल्या साखवाळ गावचा हा माणूस. १८७६ चा जन्म. कॉलेज म्हणून पाहिलेले नाही. बुद्धाविषयी वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा या ध्यासाने घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, असा प्रवास, पुष्कळसा पायी आणि बराचसा उपाशी. सिंहलद्वीपात भिक्षू होऊन पाली भाषेवर प्रभुत्व मिळवले. पुढे कलकत्त्याची प्राध्यापकी चालून आली, तीही सोडली. का, तर आपल्या ज्ञानाचा उपयोग महाराष्ट्राला व्हावा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेवढ्यावर समाधान मानून ते पुण्यास आले. परमार्थाची व्याख्या आणखी कोणती करायची?

अशा माणसाला १९१० साली अमेरिकेतून बोलावणे आले. हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाच्या ग्रंथाची संशोधित आवृत्ती अर्धवट पडली होती. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने ती हाती घेतली होती आणि १८९९ साली तो वारला. वॉरन हाही असामान्य मनुष्य. लहानपणीच्या अपघातामुळे पाठीच्या दुखण्याने आयुष्यभर पिडलेला, तशा स्थितीत पाली शिकला, आणि हार्वर्डची प्राच्य ग्रंथमाला सुरू करण्यात त्याचा तनामनाधनाने वाटा होता. त्याचे राहिलेले काम पुरे करायचे तर पालीचा पंडित हवा होता, म्हणून कोसंबी. ग्रंथमालेचे संपादक होते प्राध्यापक लॅनमन, वॉरनचे गुरू आणि मित्र.

कोसंबींनी काम केले, रात्रंदिवस केले. आणि प्रश्न आला तो मुखपृष्ठाचा. नाव कुणाचे घालायचे? लॅनमन यांचे म्हणणे, ग्रंथ वॉरनचा, श्रेय वॉरनचे. कोसंबींचे म्हणणे, मी केलेल्या कामाचा माझ्या नावाने उल्लेख झालाच पाहिजे. दोघांचे जमेना. १९१२ साली कोसंबी परत आले. पुढे ते पुन्हा एकदा नव्हे, तीनदा अमेरिकेला गेले, हस्तलिखिताचे काम बव्हंशी झाले, पण पुस्तक काही निघेना.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले लगेच लॅनमनला खलनायक ठरवून मोकळी होतात. गोरा साहेब आणि काळा पंडित, निकाल सोपा. परंतु जरा थांबून पाहिले तर लॅनमन स्वतःसाठी काही मागत नव्हता. तो एका मेलेल्या मित्राची वकिली करीत होता. ज्या मित्राने आजारपणात आयुष्य झिजवून ते काम आरंभले आणि आता आपली बाजू मांडायलाही जो हयात नव्हता. लॅनमनची ही निष्ठा एका परीने परमार्थच होता. फक्त तो परमार्थ एका जिवंत माणसाच्या खिशातून खर्च होत होता! आणि कोसंबी, ज्यांनी पगार सोडला, घर सोडले, देश सोडला, त्यांनी नाव मात्र सोडले नाही. सोडायला हवे होते काय? बुद्धाचा अनुयायी आणि नावाचा आग्रह, असे म्हणून नाक मुरडणारे लोक मला भेटले आहेत. मला तसे वाटत नाही. पैसा सोडणे हा त्याग आहे. आपण केलेले काम दुसऱ्याने केले असे जगाला सांगू देणे हा त्याग नव्हे, ती खोट्या गोष्टीला दिलेली संमती आहे. संशोधकाने निदान तेवढी तरी देऊ नये.

कोसंबींनी अखेर आपली स्वतंत्र देवनागरी आवृत्ती तयार केली, ती १९४० साली भारतीय विद्या भवनाने काढली. सेवाग्रामास ४ जून १९४७ रोजी त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली. वॉरनचे नाव, आणि संस्कारक म्हणून धर्मानंद कोसंबींचे. तोपर्यंत वॉरनला जाऊन ५१ वर्षे झाली होती, लॅनमनही गेले होते आणि कोसंबीही. म्हणजे वाद तिघांचा आणि निकाल ऐकायला एकही नाही!

दैवाची चेष्टा अशी की, मुलाच्या वाट्यालाही तेच आले. दामोदर कोसंबींना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, पण पेशाने ते गणिती. १९४३ साली त्यांनी संख्याशास्त्रातला एक महत्त्वाचा सिद्धान्त एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. फिनलंडच्या कार्हुनेन यांनी तो १९४७ साली आणि लोएव्ह यांनी १९४८ साली स्वतंत्रपणे मांडला. जगभर तो आज ‘कार्हुनेन-लोएव्ह’ म्हणून शिकवला जातो; दामोदरपंतांचे नाव क्वचित कुणी जोडतो. इथे कुणी काही चोरले नाही, कुणी काही लपवले नाही. कोसंबींनी मूठ उघडीच ठेवली होती. पण ती मूठ पाहायला तिकडे कुणी आले नाही. आणि त्याच सुमारास अनुवंशशास्त्रात त्यांनी सहज म्हणून मांडलेले एक सूत्र मात्र ‘कोसंबी’ या नावानेच अमर झाले. गणितज्ञाला गणितात विसरले आणि जीवशास्त्रात लक्षात ठेवले, असा हा न्याय.

ज्योतिषाकडे, म्हणजे कुंडलीच्या नव्हे, खगोलाच्या, वळले की हवाच बदलते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, ती वापरण्यासाठी जगातल्या कुठल्याही देशाचा शास्त्रज्ञ अर्ज करू शकतो. त्याला वेळ मिळतो, निरीक्षणे मिळतात, काही ठरावीक मुदतीपर्यंत ती त्याची एकट्याची असतात आणि नंतर सर्वांना खुली होतात. स्वार्थाला मुदत घालून दिली आहे. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. जयंतराव नारळीकरांनी १९८८ साली पुण्यास ‘आयुका’ उभारली तीही याच विचाराने, की लहानसहान गावच्या महाविद्यालयातल्या शिक्षकालाही मोठ्या संस्थेची दारे उघडी असावीत. खगोलशास्त्रज्ञ जात्याच उदार असतात असे मी म्हणणार नाही. पण ज्या ताऱ्याकडे तुम्ही पाहता त्याच ताऱ्याकडे दुसऱ्या गोलार्धातला माणूसही पाहतो आहे, हे माहीत असले की दडवून ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही. आमच्या शास्त्रात अशी मुदतीची पद्धत आली तर कित्येक ट्रंका उघडतील!

वैद्यकाची तऱ्हा आणखी निराळी; तिथे पणाला लागतो तो जीव. मुंबईत प्लेगचा कहर माजला असताना हाफकिन या शास्त्रज्ञाने आपली लस पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःला, १० जानेवारी १८९७ रोजी. पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. ठपका हाफकिनवर आला, नोकरी गेली, आणि दोष त्याच्या प्रयोगशाळेचा नसल्याचे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. स्वतःच्या दंडावर सुई टोचून घेणाऱ्या माणसाला संशयात पाच वर्षे काढावी लागली. आपल्या काळातले उदाहरण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा डॉक्टर कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणुकीस असताना लाल विंचवाच्या दंशाने मरणारी मुले पाहत होता. त्याने एकेका रोग्याची नोंद ठेवली, रात्र-रात्र उशाशी बसून ठेवली, आणि १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यक साप्ताहिकात त्याचे निरीक्षण छापून आले. पुढे रक्तदाबावरचे प्रॅझोसिन नावाचे एक जुने, स्वस्त औषध या दंशावर उतारा ठरते हे त्यांनी दाखवून दिले. औषध जुने, म्हणजे त्यावर कुणा कंपनीला हक्क सांगता येण्यासारखा नाही. ज्यांचे जीव वाचले ते सारे शेतमजूर आणि त्यांची पोरे, म्हणजे त्यातून धन मिळण्यासारखे नाही. कीर्ती मिळाली, ती मिळायलाच हवी होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक गाव आहे. मराठवाड्यातले नव्हे, हे निराळे, धानपट्ट्यातले. तिथले दादाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी. जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली ‘पटेल-३’ जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. शेजारच्या माणसाने त्या उपटून टाकल्या असत्या. दादाजींनी जपून ठेवल्या, दुसऱ्या वर्षी बांधीच्या मध्यभागी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. असे वर्षामागून वर्ष. तांदूळ बारीक, चवीला उत्तम, उतारा भरपूर. १९९० च्या सुमारास तळोधीच्या बाजारात तो विकायला नेला तेव्हा नाव काय सांगायचे हा प्रश्न पडला. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाचा मोठा तोरा होता, म्हणून तांदळाचे नाव पडले ‘एचएमटी’. आपण दुकानात ज्या नावाने हा तांदूळ मागतो त्या नावाचा उगम हा असा. नागपूर-अमरावतीच्या कित्येक घरांत सणासुदीला शिजणारा भात ज्याच्या डोळ्याने निवडला, त्याचे नाव पिशवीवर कुठेही नसते.

१९९४ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रातील मंडळींनी दादाजींकडून प्रयोगासाठी म्हणून पाच किलो बियाणे नेले. १९९८ साली विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण जाहीर केले. दादाजींचा त्यात मान राखला गेला नाही. विद्यापीठाचे म्हणणे असे की, मूळचे बियाणे मिश्र होते, आम्ही ते शुद्ध केले. हे म्हणणे मी अगदीच मोडीत काढीत नाही. बियाणे शुद्ध करणे हे खरोखरच काम आहे, त्याला शास्त्र लागते, आणि ज्यांनी ते केले त्यांनी श्रम केले असतील. आम्ही तरी निराळे काय करतो? पोथीची शुद्ध प्रत तयार करणारा संपादक ती मूळ लिहिणाऱ्याच्या नावाने छापतो आणि खाली ‘संपादक’ म्हणून आपले नाव घालतो. ज्ञानेश्वरीची कितीही शुद्ध आवृत्ती काढली तरी तिला कुणी आपल्या विद्यापीठाचे नाव देत नाही! पोथीला जो न्याय तो लोंबीला का नाही, हा माझा साधा प्रश्न आहे. उत्तर बहुधा असे की, पोथीचा कर्ता पंडित असतो आणि लोंबीचा तिसरी पास.

भांडारकर संस्थेच्या महाभारताची इथे आठवण होते. १९१९ साली आरंभ आणि १९६६ साली समाप्ती. १,२५९ हस्तलिखिते ताडून सिद्ध झालेले १९ खंड. त्यातले मुख्य संपादक सुखटणकर १९४३ सालीच गेले, पुरा ग्रंथ पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. परंतु त्या कामात एक शिस्त होती. कुठला पाठ कुठल्या हस्तलिखितातला, ते हस्तलिखित कुठून आले, हे पानाच्या तळाशी बारीक टाइपात नोंदवलेले आहे. तळटीप ही आम्हा लोकांची देवपूजा. शेताला मात्र तळटीप नसते.

२००१ साली आपल्या संसदेने वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला, त्यात शेतकऱ्यालाही पैदासकार म्हणून मान्यता मिळण्याची वाट झाली. २००५ साली दादाजींना राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. एका विलायती मासिकाने २०१० साली त्यांचे नाव मोठ्या उद्योजकांच्या पंक्तीत बसवले. दादाजी मात्र होते तसेच राहिले. एचएमटीनंतरही त्यांनी आणखी वाणे निवडली, मागेल त्याला बियाणे दिले, आणि ज्यांनी त्यांच्या बियाण्यावर बंगले बांधले त्यांच्या तुलनेत गरिबीतच दिवस काढले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यात शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ज्या बंग दांपत्याने खेड्यातल्या बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू कमी करून दाखवले, आणि तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून जगापुढे ठेवला, त्यांचे हे शोधग्राम. एका संशोधकाचा शेवट दुसऱ्या संशोधकांच्या दारी झाला.

आता आमच्या आजच्या घरचेही सांगितले पाहिजे. २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचे कोष्टक आले. अमुक शोधनिबंधांना तमुक गुण. हेतू चांगला होता. पण गुण मिळू लागताच निबंधांना असा बहर आला की विचारू नका. पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, आणि २०२५ साली ती यादीही मागे घेतली. माझ्या एका लेखातला परिच्छेद मला एकदा अपरिचित प्राध्यापकाच्या निबंधात भेटला. ओळखला कसा म्हणाल, तर छापखान्याने माझ्या लेखात ‘ओवी’ऐवजी ‘ओली’ छापले होते, आणि त्या निबंधातही ज्ञानेश्वरांनी ‘ओली’च रचली होती! राग आला, पण हसूही आले. दुसऱ्या बाजूला ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले हजारो प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात. दिग्रसमध्ये बसून मद्रासचा प्रबंध वाचण्याची सोय माझ्या गुरुजींना नव्हती. एकाच कोष्टकाच्या युगात दोन्ही गोष्टी झाल्या.

ओवीवरून आठवले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्याआधीही आपल्याकडे ओव्या जमवणारे थोर लोक झाले. परंतु पूर्वीच्या पुष्कळ संग्रहांत ओवी असते आणि गाणारी नसते. ‘लोक’ नावाची कुणी एक बाई ती गाते. या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव टिपले. आता २०१७ पासून त्या ओव्या, गाणारीच्या नावासह, सर्वांना ऐकायला मिळतात. हीराइसेनंतर सातशे वर्षांनी पुन्हा ती जुनी शिस्त आली म्हणायची.

आमच्या भागात बंजारा तांडे पुष्कळ. पोहरादेवीही इथून जवळच. गेल्या वर्षी एका तांड्यावरची विद्यार्थिनी एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी होळीची लेंगी गीते जमवीत होती. बहुतेक गीते तिच्या आजीकडून घेतलेली. टंकलिखित प्रत घेऊन ती माझ्याकडे आली, मुखपृष्ठावर ‘संशोधक’ आणि ‘मार्गदर्शक’ असे दोनच रकाने. “सर, याडीचं नाव कुठं टाकू?” तिने विचारले. आजीलाही ती याडीच म्हणते. याडी म्हणजे आई. नमुन्यात तशी जागा नव्हती. मी म्हटले, आतले पहिले पान कोरे आहे, तिथे लिही.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली ती वैतागून. आजीने स्वतःचे नाव घालू द्यायला साफ नकार दिला होता. गाणी माझी नाहीत, म्हणाली, मी ज्यांच्याकडून ऐकली त्यांची नावे लिही. आणि बोटांवर मोजून एकेक बाई सांगू लागली. कुणी माहेरच्या तांड्यावरची, कुणी ऊसतोडीला बरोबर असलेली. अशी अकरा नावे झाली. आजीचे नाव मुलीने बारावे म्हणून तिच्या नकळत घातले. अकरांतल्या एकीचे नाव काही केल्या आजीला आठवेना. तिथे ‘राजूची याडी’ असे लिहून तो प्रबंध विद्यापीठाला गेला.